ताटावरची मोकळी जागा

अप्पा, ताट पोचलं. काकूंनी ते तुमच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून, वरून सुतळी आवळून पाथरीहून पुण्याला येणाऱ्या एसटीत दिलं होतं. मी स्टँडवर जाऊन घेतलं आणि तिथंच बाकावर बसून सुतळी सोडली, घरी येईपर्यंत धीर नव्हता. वरच्या ओळीत ‘टायटल’ हा शब्द, अगदी मधोमध. खालच्या ओळीत माझं नाव, ‘मंजुषा’. आणि ते मधोमध नाही.

मला आधी वाटलं, मीच ताट तिरकं धरलंय. मग फिरवून पाहिलं, हात लांब करून पाहिलं, शेवटी सोडलेल्या सुतळीचाच एक दोरा काढून तुमच्यासारखं मोजून पाहिलं. नाव उजवीकडे सरकलंय. डावीकडे दोन बोटं जागा मोकळी आहे आणि तिथं छिन्नीचा एक टोचासुद्धा नाही. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "काय झालं, पोचा आलाय का?" मी नाही म्हटलं. ताट पुन्हा टॉवेलात गुंडाळून घेतलं.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि मी रडायचं कशासाठी हेच मला समजत नाहीये. तुम्ही गेलात म्हणून, की जाताना मला न सुटणारं काहीतरी हातात देऊन गेलात म्हणून? राग येतो, मग रागाची लाज वाटते, मग पुन्हा ताट काढून बघत बसते. येत्या दोन दिवसांत मला सिनेमाची टायटल पूर्ण करून द्यायची आहेत. त्रेचाळीस भांडी चित्रित होऊन, एकापुढे एक जोडून तयार आहेत. फक्त माझं नाव बाकी होतं. आणि तुमचं.

पहिल्या दिवशी तुम्हाला माझं काम समजावून सांगताना मला घाम फुटला होता. सिनेमा सुरू होतो तेव्हा पडद्यावर नावं येतात, नट कोण, गाणी कुणाची, दिग्दर्शक कोण; ती नावं कशी दिसावीत हे मी ठरवते. तुम्ही पाथरीच्या बाजारात, त्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, तुमच्या नेहमीच्या जागी बसून एका तांब्याचा गळा पुसत होतात. म्हणालात, "ती नावं कोण वाचतंय बाई? तवा लोकं खुर्ची हुडकत असतेत." मी म्हटलं, म्हणूनच तर तुमच्याकडे आले. परभणीत खानावळ चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून कॅमेरा हळूहळू फिरेल आणि एकेका भांड्यावर एकेक नाव दिसेल, तुमच्या हातानं घातलेलं. यंत्रानं घातलेलं मला नको होतं. मी सोनपेठची. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर पाथरीच्या बाजारातली अक्षरं होती, छिन्नीनं टोचे देऊन केलेली, बोट फिरवलं की लागणारी. ती तुमची होती की तुमच्या आधीच्या कुणाची, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

तुम्ही यादी घेतलीत, चष्मा लावलात आणि पहिलाच प्रश्न टाकलात. "कुणाकडून कुणाला?"

"कुणाकडून कुणाला नाही, अप्पा. नुसतं नाव आणि त्याचं काम."

"मंग भांडं हाय कुणाचं?"

"कुणाचं नाही. सिनेमाचं."

"असं कसं? नाव घातलं की भांडं कुणाचं तरी हुतंय. देणाऱ्याचं न्हाई तर घेणाऱ्याचं. उगं हवेत कसं नाव घालावं?"

मी सिनेमाच्या शाळेत तीन वर्षं शिकले, पण हे तिथं कुणी विचारलं नव्हतं. मी आपलं "तुम्ही घाला हो" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही मान डोलावलीत, पण तुम्हाला पटलं नव्हतं, हे त्या पहिल्याच ताटानं दाखवून दिलं.

ते ताट निर्मात्याच्या नावाचं होतं. तुम्ही तोंडानं माझ्याशी येलदरीच्या धरणात यंदा पाणी किती यावर बोलत होतात आणि हात आपला चाळीस वर्षांच्या सवयीनं चालत राहिला. ठोके थांबले तेव्हा आपण दोघांनी एकदम खाली पाहिलं. निर्मात्याच्या नावाखाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘यांजकडून सप्रेम भेट’. तुम्ही जीभ चावलीत. "आता हे निघत न्हाई बाई," तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं तुम्ही ताट उचलून फेकून देणार. मी ते तसंच परभणीला घेऊन गेले. दिग्दर्शक ते बघून इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली, आणि म्हणाला, हेच ठेवायचं, सिनेमाची सुरुवात हीच. तुम्हाला मात्र तो चेष्टेचा विषय कधीच वाटला नाही. "लोकं म्हणतील मन्मथअप्पाला अकल न्हाई," असं तुम्ही पुढचे चार दिवस मला ऐकवत होतात. मी चिडवायला म्हणायचे, लोक तर खुर्ची हुडकत असतील, कोण वाचतंय?

बारा दिवस मी त्या ओट्यावर तुमच्याशेजारी बसले. खरं तर यादी देऊन निघून यायला हरकत नव्हती, पण मला तुमचं काम बघायचं होतं. तुम्ही दोरा घ्यायचात, ताटाच्या या काठापासून त्या काठापर्यंत धरायचात, दुमडून बरोबर मध्य काढायचात. कामाचं नाव वरच्या ओळीत आधी. मग खाली माणसाचं नाव. आणि नाव कधीच पहिल्या अक्षरापासून सुरू करायचं नाही. सगळी अक्षरं मोजायची, मधलं अक्षर मधल्या खुणेवर धरायचं, तिथून उजवीकडे जायचं, मग परत मध्यावर येऊन डावीकडे. सगळ्यांत शेवटी नावाच्या सुरुवातीचं अक्षर. मी विचारलं, हे असं उलटसुलट का? तुम्ही म्हणालात, "सुरवातीपसून चाललं की शेवटाला जागा पुरत न्हाई. मधून चाललं की दोन्हीकडं बराबर उरती." तुमच्या चाळीस वर्षांत एकही नाव कडेला गेलं नाही, असं तुम्ही मला सांगितलं होतं. ते मी विसरले असते तर आज बरं झालं असतं.

म्हणजे बघा, अप्पा, माझ्या ताटावर काय झालंय. मंजुषा, तीन अक्षरं. मधलं अक्षर ‘जु’. ते ताटाच्या मध्यावर हवं होतं. नाहीये. ताटाचा मध्य ‘मं’ आणि ‘जु’ यांच्या फटीत येतो. तुम्ही चार अक्षरं मोजलीत. तुम्ही ‘सौ.’ धरून मोजलंत आणि मग ते घातलं नाहीत.

यावरूनच आपलं भांडण झालं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं नव्हतं, निदान पहिल्यांदा तरी नाही. यादीतलं पहिलं बाईचं नाव आमच्या मुख्य नटीचं. तुम्ही साधेपणानं विचारलंत, "सौ. का कु.?" मी म्हटलं, काही नाही. "श्रीमती?" मी म्हटलं, अप्पा, काहीच नाही, कुणाच्याच नावाआधी काही नाही, पुरुषांच्याही नाही. पुरुषांचं तुम्हाला चाललं. "बाप्याच्या नावाम्होरं न्हाई काय लिहिलं तर काय बिघडत न्हाई. बाईचं नाव असं मोकळं बरं दिसंना." मग मी भाषण दिलं. बाईच्या नावाला टेकू कशाला, आणि ती कुणाची आहे हे ताटावर कशाला, असं बरंच काही. माझा आवाज चढला तेव्हा शेजारच्या दुकानातले दोघंजण बाहेर येऊन उभे राहिले. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "च्या घेता का?"

आणि मग ते नाव नुसतंच घातलंत, आणि काय सुंदर घातलंत! अशी अकरा बायकांची नावं तुम्ही घातलीत. प्रत्येक वेळी उजवीकडचं संपवून डावीकडे वळताना हातोडी वर धरून माझ्याकडे बघायचात, मी मान हलवली की पुढचा ठोका. एका शब्दानं कुरकुर केली नाहीत. मला तेव्हा वाटायचं मी जिंकले.

माझं नाव मी शेवटी ठेवलं होतं. नवव्या की दहाव्या दिवशी दुपारी तुम्ही डबा सोडता सोडता विचारलंत, "आन् तुमचं?" मी म्हटलं, मी चार वर्षं झाली वेगळी राहते. कागद झालेले नाहीत. मी मागितले नाहीत, त्यानं दिले नाहीत.

"मंग सौ. हायच की."

"नाही."

"म्हंजे न्हाई का?"

"अप्पा, मला माहीत नाही."

हे मी तोवर कुणाला बोलले नव्हते. आईला मी सांगते की सगळं संपलंय. मैत्रिणींना सांगते की मला फरक पडत नाही. एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, तुम्ही हातावर भाकरी घेऊन ठेचा मागत असताना, ते माझ्या तोंडातून निघून गेलं. तुम्ही भाकरी चावून झाल्यावर म्हणालात, "मालूम नसलं की लय तकलीफ हुती. मागून लावायचं म्हणलं तर नाव मधी राहत न्हाई, आन् आधी लावलं तर निघत न्हाई." मला राग आला. मला वाटलं, माझं आयुष्य आणि हा माणूस ताटाच्या मापाचं बोलतोय. आता मात्र ते वाक्य दिवसातून दहा वेळा आठवतं आणि तुम्ही खरंच ताटाचंच बोलत होतात का, ते समजत नाही.

दुसऱ्याच दिवशी ती मानवतकडची बाई आली, आठवतं? कळशी घेऊन. कळशीवर तिचं नाव होतं, सौ. लावलेलं, तुमच्याच हातचं. तिचा नवरा उन्हाळ्यात गेला होता. तिनं नुसतं त्या ‘सौ.’वर बोट ठेवलं. तुम्ही कळशी मांडीत घेतलीत आणि त्या अक्षरावर टोचे मारत गेलात, आधी पाकळ्या, मग मधला गोल, आणि थोड्या वेळानं तिथं एक फूल झालं. ती बाई फूल बघून पदर तोंडाला लावून निघून गेली. मी तुमच्यावर घसरलेच. म्हटलं, बघितलंत? शेवटी फूलच काढावं लागतं ना? मग लावायचं कशाला?

तुम्ही छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासत बसलात. मग म्हणालात, "लावताना बाई लय खूश असती वो."

यावर मी पुन्हा काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, पण तावातावानंच असणार. त्या दिवशी तुम्ही चहासुद्धा विचारला नाहीत.

बाकीची भांडी परभणीला नेऊन आम्ही चित्रित केली, मी पुण्याला आले, माझं ताट तुमच्याकडेच राहिलं. उद्या घालतो, परवा घालतो. मग मी फोन केला. माझ्यामागे कामाचा ढीग होता, दिग्दर्शक रोज विचारत होता, हे सगळं खरं आहे आणि तरी ते कारण नाही. मी म्हटलं, "नुसतं मंजुषा. आधी काही नको. तुम्हाला जमत नसेल तर इथं यंत्रावर करून घेते." तुम्हाला याहून जास्त लागेल असं दुसरं काही नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच बोलले. तुम्ही "बघतो" म्हणालात आणि फोन ठेवलात. ते आपलं शेवटचं बोलणं.

चार दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. तुम्हाला तुमच्या लिंगायत रीतीनं रुद्रभूमीत बसवून, कपाळाला भस्म लावून, माती देऊन लोक घरी आलेसुद्धा होते. मी आले नाही. आता येऊन काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगू? काकूंनी ताटाविषयी विचारलं तर काय सांगायचं, याची मला भीती वाटत होती. आणि मग सहा दिवसांपूर्वी ते ताट त्यांनीच पाठवून दिलं; गाडी दुकानदारानं कळवली, त्यांचा मात्र एका शब्दाचाही निरोप नाही.

स्टँडवरून घरी आल्यापासून मी रोज नवं काहीतरी ठरवते. सोमवारी मला खात्री होती की तुम्ही माझं ऐकलंत. मोजायची सवय म्हणून सौ. मोजलंत, पण हात तिथवर आल्यावर थांबवलात, माझ्यासाठी. मी रडले आणि मला खूप बरं वाटलं. मंगळवारी वाटलं, छे, तुम्ही जागा सोडलीत. पुढंमागं ही पोरगी नांदायला गेली किंवा दुसरं लग्न केलं तर लावता यावं म्हणून, नाव मध्ये राहावं म्हणून. मग तुमचा इतका राग आला की ताट कपाटात पालथं घालून ठेवलं. आणि बुधवारी सकाळी दात घासताना सुचलं की कदाचित तुम्ही सौ. घालणारच होतात. सगळ्यांत शेवटी सुरुवातीचं अक्षर, हीच तुमची रीत. तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत. त्याआधीच तुम्हाला बोलावणं आलं.

या तिसऱ्या विचारानंतर मला पुण्यात बसवेना. ताट पिशवीत घातलं, छोटा कॅमेरा घेतला आणि परवा पाथरीला गेले.

काकू ओसरीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? मला वाटलंच व्हतं, ताट मिळालं की येशील." त्यांनी आधी पाणी दिलं. तांब्यावर तुमचं अक्षर होतं. मी ताट पुढे ठेवलं आणि सरळ विचारलं, "काकू, हे अप्पांनी पुरं केलं होतं का?"

काकूंनी ताटावरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. एवढी नावं घालणाऱ्या माणसाची बायको, आणि तिला एक अक्षर वाचता येत नाही! मी त्यांचं बोट धरून त्या मोकळ्या जागेवर ठेवलं आणि सांगितलं की इथं काहीतरी यायचं होतं, किंवा नव्हतं.

"त्या दिशी ते घरीच बसले व्हते," त्या म्हणाल्या. "दुकानात न्हाई गेले. म्हणले, ह्या पोरीचं काम निवांत करायचंय. मी आत भाजी निवडायले. ठोके ऐकू यायलेत. मंग ठोके थांबले. मला वाटलं झालं काम, आता च्या मागतील. म्हून मी च्या ठिवला. च्या घिऊन भाईर आले तर भितीला टेकून बसलेले. ताट मांडीवर. हातोडी खाली. मी म्हणलं, च्या घ्या."

मी एवढंच विचारलं, "म्हणजे हातोडी त्यांनी खाली ठेवली होती, की पडली होती?"

"आता ते मी कसं सांगू माय? खाली व्हती."

मग काकू उठल्या, आत गेल्या आणि एकेक भांडं आणून माझ्यापुढे ठेवू लागल्या. हंडा, घागर, दोन पातेली, पुरणाचं यंत्र, डबे. सगळ्यांवर नाव. "वाचून दाव," त्या म्हणाल्या. मी वाचलं, सौ. गिरजाबाई. पुढचं वाचलं, सौ. गिरजाबाई. पाचवं भांडं मी न वाचताच खाली ठेवलं. काकू म्हणाल्या, "मला मालूम हाय काय लिहिलंय ते. त्यायनी दर बारीला वाचून दावलं व्हतं. लोकाच्या बायकांच्या भांड्यावर इतकी फुलं काढली, आता माझ्यावर कोण काढायचं?"

अप्पा, त्या दिवशी ओट्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, लावायचं कशाला. मला ते तोंडातलं परत घ्यावंसं वाटलं आणि तरीही मी चूक होते असं म्हणवत नाही. दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं? मी काकूंनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, अप्पांच्या मनात काय होतं? त्या पहिल्यांदा हसल्या. "चाळीस वर्षं त्यायच्या मनातलं मला गावलं न्हाई. तुला बारा दिसात कसं गावंल?"

मग तुमच्या नावाचं निघालं. टायटलमध्ये तुमचं नाव यायलाच हवं, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते आणि तुम्ही "बघू मागून" म्हणत टाळत होतात. आता तुमचं नाव कोण घालणार? ऑफिसनं यादी सुधारून पाठवली होती, त्यात तुमच्या नावाआधी कै. लावलेलं होतं. मी ते काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्यात कै. न्हाई लिहीत. लिं. लिहितेत." लिंगैक्य. मी म्हटलं, बरं, तसं करू. मी कबूल झाले होते, अप्पा. कुणाच्याच नावाआधी काही नाही, असं बजावून सांगणारी मी, काकूंपुढे एका शब्दात कबूल झाले होते.

काकू आत जाऊन तुमचं जेवायचं ताट घेऊन आल्या. ते मी कधी बघितलं नव्हतं, दुकानात तुम्ही डबाच आणायचात. कडेला, मधोमध, तुमच्याच हातचं ‘मन्मथअप्पा’. श्री नाही, काही नाही. काकूंनी ते पदरानं पुसलं आणि माझ्यापुढे धरलं, पण हातातून सोडलं नाही.

"ह्याचाच फोटू काढ," त्या म्हणाल्या. "आन् ते म्होरचं राहू दे."

"लिं. नको?"

"नुसतं ह्येच राहू दे. ते लावलं की गेल्यावानी हुतंय."

मी दारातल्या उजेडात, उंबऱ्यावर ठेवून ते ताट चित्रित केलं. त्यावर वरणाचा एक जुना डाग होता, तो मी पुसला नाही. माझंही ताट तिथंच, त्याच उजेडात घेतलं. निघताना काकू म्हणाल्या, तुझं ताट तू ने, त्यायचं मला लागतंय.

काल ते दोन्ही तुकडे जोडले. माझ्याबरोबर काम करणारा म्हणाला, सोपं आहे, चित्र दोन बोटं सरकवू, नाव मधोमध येईल. आम्ही सरकवलं. नाव मध्ये आलं आणि वरचा ‘टायटल’ शब्द कडेला गेला. पुन्हा सरकवलं, तर पुन्हा नाव गेलं. तुम्ही असतात तर आमची अवस्था बघून हसला असतात. शेवटी होतं तसं ठेवलं. सगळ्यांची नावं मधोमध, माझं जरा उजवीकडे, आणि माझ्यानंतर तुमचं.

अप्पा, मला तुमचे आभार मानायचे होते. तुमच्या त्रेचाळीस भांड्यांमुळे लोक म्हणतात की मी काहीतरी चांगलं केलंय. माफीही मागायची होती, यंत्राचं बोलले त्याची. दोन्ही मनापासून आहे. पण त्या दोन्हीच्या मधे ते ताट येतं आणि मी पुन्हा भांडायला लागते, आणि समोर कुणी नसतं.

आज दुपारी ऑफिसातून फोन आला. नावं तपासणारी मुलगी होती. म्हणाली, "ताई, मन्मथअप्पांच्या नावाआधी काही दिसत नाही. लावायचं राहिलंय, की लावायचंच नाही?"

"लावायचंच नाही," मी म्हटलं. क्षणभरही थांबले नाही.

"बरं. आणि तुमच्या नावाआधी जागा सुटलीये, तिथं?"

मी ताटाकडे बघितलं. बारा दिवस मी तुमच्याशेजारी बसून तुम्हाला काय घालायचं आणि काय नाही ते सांगत होते. तुम्हाला काय वाटतं, हे एकदाही विचारलं नाही.

"ते," मी म्हटलं, "अप्पांना विचारायचं राहिलं."